क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, तरी मूत्रपिंड थकलेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य शिबिरांत हल्ली ‘तुमच्या शरीराचे वय अमुक’ असा एकच आकडा हातात ठेवतात. शरीराला असे एकच वय नसते. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयात येतानाच आक्रसू लागते, चाळिशीत डोळ्यांचे भिंग ताठरते, यकृत मात्र सत्तरीतही नव्या पेशी घडवत राहते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ मधील अभ्यासात रक्तातल्या प्रथिनांवरून ११ अवयवांचे वय काढले, तेव्हा पन्नाशीपुढच्या धडधाकट माणसांतही जवळपास पाचातल्या एकाचा एखादा अवयव वयाच्या मानाने बराच म्हातारा निघाला.

काळजी वाटते ती मूत्रपिंडाची, कारण ते निम्मे निकामी झाले तरी दुखत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. गेलेली गाळणी परत येत नाही. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग मिनिटाला साधारण १ मिली या हिशेबाने दरवर्षी घटतो, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्याहून झपाट्याने.

इथेच रिपोर्ट फसवतो. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, आणि ते स्नायूंतून येते. तालमीतल्या २५ वर्षांच्या पैलवानाचे क्रिएटिनिन १.२ आणि ७२ वर्षांच्या किरकोळ अंगाच्या आजींचेही १.२, अनेक लॅबच्या कागदावर दोन्ही ‘नॉर्मल’. पण वय आणि लिंग धरून ई-जीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढा: पैलवानाचा ८६ येतो, आजींचा ४८. हा आकडा तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा जुनाट विकार.

सोबत सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासावे. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी हवे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीची भरपूर मेहनत यांनी ते खोटे वाढते, म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नये, पुन्हा करावे. रक्त द्यायच्या आदल्या रात्री मटणाचे ताट नको. शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन काही तास चढते.

आणि कळवळून सांगावेसे वाटते ते गुडघेदुखीच्या गोळ्यांबद्दल. उन्हात भांगलण करून अंगातले पाणी आटलेले असताना मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिन्या कशाबशा रुंद ठेवून काम चालवते. मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी नेमकी तीच सोय बंद पाडते. रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डायक्लोफिनॅक घेऊच नये.

कोल्हापुरातल्या सर्व लॅबचालकांना विनंती: क्रिएटिनिनशेजारी ई-जीएफआरही छापा. त्याला वेगळे रसायन लागत नाही, रुग्णाचे वय आणि लिंग तुमच्या नोंदीत असतेच.

– शरीरक्रियाशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर