मोटरीला डेटा कशाला?

संपादक महोदय,

शेतीतल्या ‘स्मार्ट’ यंत्रांवरचा कालचा अग्रलेख वाचला. भाषा झकास. लिहिणाऱ्याने ऐन थंडीत रात्री पिकाला पाणी देत बारे धरले असते तर मजकूरही जमला असता.

आमच्या विहिरीवर चार वर्षांपासून मोबाईल स्टार्टर आहे. पेटीत सिमकार्ड. घरून फोन लावला की लाइट आहे की नाही ते पेटी सांगते. एक दाबलं की मोटर चालू. थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यात बिबट्याची धास्ती. पेटीचे उपकार मी नाकारत नाही.

पण गेल्या एप्रिलात विहीर आटली, मोटर बंद. बंद मोटरीच्या सिमला रिचार्ज कोण मारतो? ९० दिवस वापर नाही म्हणून नंबर गेला. मला कोणी कळवलं नाही. कळवलं असेल तर पेटीला. नोव्हेंबरअखेर गव्हाचं पहिलं पाणी. रात्री पावणेबाराला फोन लावला तर ‘हॅलो’! पेटीचा आवाज बदलला असेल म्हणून मी एक दाबलं. उत्तर येईना म्हणून विचारलं, ‘मोटर चालू झाली का?’ पलीकडच्या बाईंनी जे ऐकवलं ते आपण छापणार नाही. त्यांची तरी काय चूक? नंबर त्यांना रीतसर मिळालेला. नवं सिम आणेपर्यंत आमची रात्रीची पाळी संपली. पेटी जुनी, टू-जी. तिला वाटेल ते सिम चालत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना डेटा नसलेले रिचार्ज द्यायला लावले. छान झालं. पूर्वी मोटर रोज दीड जीबी वाया घालवायची, आता नुसत्या अमर्याद गप्पा मारते. यंत्रांसाठी १३ आकडी नंबर २०१८ पासून निघालेत. तालुक्याच्या मोबाईल दुकानात तसला मागितला, तर दुकानदार म्हणाला, ‘काका, नंबर दहाच आकडी असतो.’ अग्रलेखात यातलं एक अक्षर नाही.

आणि अग्रलेखाला एवढी जागा होती, तर कांद्याच्या बाजारभावाची चौकट कुठे गेली? तिथे आता स्कॅन करायचा कोड असतो. आमच्याकडे नेटची रेंज फक्त विहिरीजवळच्या बाभळीखाली येते. चौकट पुन्हा छापावी, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. सिन्नर, जि. नाशिक