सुई आरपार जाणाऱ्या डब्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वापरलेल्या सुया टाकण्याच्या आपल्या डब्यामुळे कर्मचाऱ्यास झालेली इजा.

प्रसूती विभागातील आपला पांढरा डबा उचलताना तळाच्या जोडातून नखाएवढी बाहेर आलेली सुई आमच्या सफाईच्या मावशींच्या तळहातात हातमोज्यासकट घुसली. डबा तीन चतुर्थांशाच्या खुणेपर्यंतही भरलेला नव्हता.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हातमोजे घातले होते का, हा. घातले होते, असे सांगताच 'मग पातळ असतील' म्हणाले. डबा खालून का धरला, हेही विचारले. त्याला वर मूठच नाही, हे बनवणाऱ्यांना ठाऊक असायला हवे. डबा कोंबून भरला असेल, असेही सुचवले. शेवटी 'अहो सिस्टर, एवढीशी सुई टोचली, टी.टी. देऊन टाका की' म्हणून फोन ठेवून दिला. मावशी तेव्हा माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

डब्यातली सुई कोणत्या रुग्णाची, हे कळत नाही. त्यामुळे त्याचे रक्त तपासून निश्चिंत होण्याची वाटच उरत नाही. एचआयव्हीबाधित सुईने संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असली, तरी प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. मावशींनी हिपॅटायटिस बीची लस घेतलेली आहे. हिपॅटायटिस सीवर मात्र लस नाही. खानापूरहून बेळगावला नेऊन आम्ही त्यांचे औषध सुरू केले. मळमळीमुळे त्यांना अन्न जात नाही, आणि घरी काय सांगावे या विचाराने त्या खचल्या आहेत.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार हा डबा सुईने भोसकला न जाणारा असलाच पाहिजे. आपल्या वेष्टनावरही तेच छापले आहे, आणि त्या शब्दावर विसंबूनच आम्ही तो वॉर्डावॉर्डांत ठेवला. पुन्हा सांगते, डबा कोंबून भरलेला नव्हता.

या खेपेचे सर्व डबे परत न्यावेत, जोडातील दोषाची चौकशी करून लेखी खुलासा पाठवावा आणि मावशींची माफी मागावी. तसे न झाल्यास छायाचित्रांसह कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करू आणि तालुक्यातील इतर दवाखान्यांनाही हा डबा दाखवू.

परिचारिका प्रमुख,
खानापूर, जि. बेळगाव