घास अडकतो, दुर्बीण मात्र ‘नॉर्मल’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घास छातीत अडकतो अशी तक्रार असली की आजकाल रुग्णाला थेट दुर्बिणीच्या तपासणीला पाठवतात. त्यात गैर काही नाही. अन्ननलिकेचे अस्तर प्रत्यक्ष दिसते, शंका आल्यास तुकडा काढता येतो, त्यामुळे कर्करोगाच्या संशयात ती हवीच. मात्र दुर्बीण ‘नॉर्मल’ आली की पुढचा तपासच थांबतो, हे माझ्या आईच्या बाबतीत अनुभवले म्हणून हे पत्र.

आईला भाकरीच काय, पाणीही उतरेना. अहवाल निर्दोष निघाल्यावर एका रुग्णालयाने तिला वर्षभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर ठेवले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी बेरियम स्वॅलो, म्हणजे बेरियम कालवलेले पाणी पिताना होणारी क्ष-किरण तपासणी, करायला सांगितले. खडू कालवल्यासारखे ते पांढरे पाणी तिने उभ्याने, नाक मुरडत घेतले आणि पडद्यावर अन्ननलिका वर फुगलेली, तर जठराच्या तोंडाशी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसली. ५ मिनिटांनी घेतलेल्या फिल्ममध्येही बेरियम तसेच साचलेले होते. तो अ‍ॅकॅलेशिया होता, म्हणजे खालची झडप सैलच होत नव्हती; मॅनोमेट्रीने, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीने, त्यावर शिक्कामोर्तब केले.

त्या पांढऱ्या पाण्यातले बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही, आतड्यात शोषले जात नाही आणि क्ष-किरण अडवते. म्हणूनच १९१० च्या सुमारास ते, याच कामासाठी आधी वापरल्या जाणाऱ्या पण शरीराला बाधणाऱ्या बिस्मथच्या क्षारांच्या जागी आले. गिळताना घास कसा सरकतो, कुठे रेंगाळतो हे त्यात चालत्या चित्रासारखे दिसते आणि सुरुवातीच्या अ‍ॅकॅलेशियात दुर्बिणीला नेमके हेच हुकू शकते. अर्थात अन्ननलिकेला छिद्र पडल्याचा संशय असेल तर आधी पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त औषध वापरतात, कारण बाहेर झिरपलेले बेरियम तिथेच राहून दाह करते. तेव्हा निवड तज्ज्ञांनीच करायची.

एक गाऱ्हाणे मात्र या दुसऱ्या ठिकाणचेही आहे. तपासणीनंतर भरपूर पाणी प्यायला हवे, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. आईला तीन दिवस शौचास झाले नाही आणि झाले तेव्हा तो पांढरा रंग पाहून ती घाबरून गेली. उपाशी किती तास राहायचे, मधुमेहाच्या गोळीचे काय करायचे, गर्भवतीने आधी काय सांगायचे आणि घरी गेल्यावर काय होईल, एवढे लिहिलेली मराठी चिठ्ठी क्ष-किरण विभागांनी तपासणीची तारीख देतानाच हातात द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा