दंतकथा खरी ठरवणे वेगळे, तपासणे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्योर्गे ब्रतियानू या रुमानियन इतिहासकारावरील आपल्या पुरवणीतल्या लेखात एक दुरुस्ती हवी. (आडनाव 'ब्राटियानू' असे छापले आहे. त्यातला पहिला स्वर आपल्या 'अ'सारखा आणि पुढचा त दंत्य, म्हणून 'ब्रतियानू'.) 'ब्रतियानूंनी राज्यस्थापनेची दंतकथा खरी ठरवली' असे लेखात म्हटले आहे. तसे त्यांनी केलेले नाही.

राडू नेग्रू, म्हणजे काळा राडू, कार्पेथियन डोंगरापलीकडच्या, ट्रान्सिल्व्हानियातल्या फगराशहून माणसे घेऊन दक्षिणेला उतरला, क्म्पुलुंगला ठाण मांडले आणि वालाखियाचे (आजच्या दक्षिण रुमानियातले) राज्य उभे राहिले, अशी ही कथा. रुमानियनमध्ये तिला 'देस्कलेकात' म्हणतात, शब्दशः घोड्यावरून उतरणे. मराठीत पायउतार झालेला माणूस सत्ता सोडतो, तिकडे तो सत्ता मांडतो! मात्र ही कथा सांगणारी बखर १७व्या शतकातली आहे. तिच्यातले साल सृष्टीच्या आरंभापासून मोजलेले, ६७९८. ते वर्ष १ सप्टेंबरला सुरू होई. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९ वजा करायचे आणि जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८. म्हणजे सप्टेंबर १२८९ ते ऑगस्ट १२९०. महिना ठाऊक नसताना सरळ '१२९०' लिहिले की चूक तिथेच शिरते.

आधीच्या पिढीतले इतिहासकार दिमित्रे ओंचुल यांना ही कथा इतिहास म्हणून मान्य नव्हती. ब्रतियानूंनी १९४५च्या ग्रंथात ती पुन्हा हातात घेतली, पण शेजारी सनदा ठेवून. हंगेरीचा राजा चौथा बेला याच्या १२४७च्या सनदेत डोंगराच्या दक्षिणेला लितोवोई आणि सेनेस्लाऊ हे व्होइव्होड, म्हणजे स्थानिक सत्ताधारी, आधीच नांदताना दिसतात. तेव्हा राज्य डोंगरावरून आयते उतरले, हे टिकत नाही. दुसरी सनद ११ मार्च १२९१ची. ट्रान्सिल्व्हानियातल्या आल्बा यूलिया इथे हंगेरीचा राजा तिसरा आंद्राश याच्या सभेत उमराव, सॅक्सन (जर्मन वसाहतकरी) आणि सेकेलींबरोबर (हंगेरियन भाषक सीमारक्षक) रुमानियनही बसलेले आहेत, आणि याच सभेत फगराश उग्रिनुस नावाच्या सरदाराला परत दिले जाते. ब्रतियानूंचा तर्क असा, की तिथल्या रुमानियनांच्या स्वायत्ततेवर त्या सुमारास गदा येत होती. एखादा म्होरक्या माणसांसह डोंगर ओलांडून गेला असेल, तर त्याची आठवण कथेत उरली असावी. तर्क देखणा आहे, पण सनद राडूचे नाव घेत नाही आणि स्थलांतराबद्दल चकार शब्द काढत नाही. दोन साले जवळ आली एवढ्यावर पुरावा होत नाही. वालाखियाचा पहिला ठाऊक राजा बसराब, त्याचे नाव लेखी येते तेही १३२४ साली.

कथेशेजारी कागद ठेवायची ही सवय इटलीतल्या जिनोआ या व्यापारी बंदराच्या दप्तरांतली असावी. पेरा (कॉन्स्टँटिनोपलशेजारी) आणि काफा (क्रिमियात) या वसाहतींतल्या जिनोईज नोटरींचे १२८१ ते १२९० या काळातले दस्त त्यांनी १९२७ साली छापले आणि १९२९ साली काळ्या समुद्रावरील जिनोईज व्यापारावर पॅरिसला प्रबंध दिला. काफाचा नोटरी लांबेर्तो दि सांबुचेतो याच्या दस्तात तारीख, दोन्ही पक्ष, माल, रक्कम, साक्षीदार एवढेच असते. इतिहास लिहायचा त्याचा इरादा नाही, म्हणून सजावटही नाही. पण रोखीने उरकलेला व्यवहार नोटरीपुढे येत नाही आणि वह्याच्या वह्या गहाळ आहेत. त्यामुळे एखाद्या गावाचे नाव दस्तात सापडले नाही, म्हणजे ते गाव नव्हते असे म्हणता येत नाही. उलट विचिना हे डॅन्यूबवरचे बंदर कागदोपत्री ठसठशीत आहे. त्यावर ब्रतियानूंनी १९३५ साली पुस्तक लिहिले, तरी ते नेमके कुठे होते यावर अजून वाद आहे. कुणी इसाक्चा म्हणते, कुणी पकुयुल लुई सोआरे हे बेट.

१९३७चे पुस्तक मात्र वेगळ्या तराजूत तोलावे. रुमानियन लोक म्हणजे 'एक कोडे आणि ऐतिहासिक चमत्कार', हे शीर्षकातले शब्द फ्रेंच इतिहासकार फेर्दिनां लो यांचे. २७१च्या सुमारास रोमनांनी डाकिया (आजच्या रुमानियातला त्यांचा प्रांत) सोडली, त्यानंतरच्या सुमारे हजार वर्षांत डॅन्यूबच्या उत्तरेला लॅटिन बोलणारे लोक सलग राहिले का, हा प्रश्न. हंगेरियन इतिहासकारांशी तंटा इथलाच. रुमानियाच्या पंतप्रधानांचा मुलगा आणि स्वतः एका लिबरल गटाचा नेता असलेल्या ब्रतियानूंची लेखणी इथे वकिली करते.

त्यांना मे १९५० मध्ये कम्युनिस्ट राजवटीने पकडून सिगेतच्या तुरुंगात ठेवले. खटला चाललाच नाही, आणि एप्रिल १९५३ मध्ये ते तिथेच गेले. काळ्या समुद्रावरचा त्यांचा मोठा फ्रेंच ग्रंथ १९६९ साली म्युनिकला छापला गेला. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आपला,
मध्ययुगीन इतिहासाचा एक अभ्यासक