मेलचा प्रोग्रॅम बदलताना दुबार मेल येऊ नयेत म्हणून

ती. आई-बाबांस,
सा. न.

आउटलुक सोडून थंडरबर्ड घ्यायचं तुमचं ठरलंय, तर नवीन प्रोग्रॅम उघडण्याआधी हे पत्र पूर्ण वाचा. घाईत खातं जोडलं की जुने मेल दोन-दोनदा येऊन बसतात, आणि ते निस्तरायला बदलापेक्षा जास्त वेळ जातो. तुमच्या दोघांची खाती वेगळ्या पद्धतीची आहेत, त्यामुळे बाबांसाठी एक सांगते आणि आईसाठी दुसरं. खात्री करायची असेल तर आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडा. खात्याच्या नावासमोर ‘पॉप’ किंवा ‘आयमॅप’ लिहिलेलं दिसेल. मेल कंपनीच्या संगणकावरून, म्हणजे सर्व्हरवरून, मेल मिळवायच्या या दोन पद्धती.

बाबा, तुमचं खातं पॉप आहे. पॉपमध्ये सर्व्हर फक्त इनबॉक्समधले मेल हाती देतो. कुठला मेल कुणी नेला याची नोंद बहुतेक सर्व्हर ठेवत नाहीत, ती तुमचा प्रोग्रॅम ठेवतो. प्रत्येक मेलला सर्व्हरकडून एक खुणेचा क्रमांक मिळतो आणि आणलेल्या मेलचे क्रमांक आउटलुक आपल्या वहीत टिपून ठेवतं. थंडरबर्डची वही सुरुवातीला कोरी असते. म्हणून सर्व्हरवर जे जे शिल्लक असेल ते सगळं त्याला नवीनच वाटतं. त्यातच तुम्ही आउटलुकमधले मेल थंडरबर्डमध्ये इम्पोर्टही केलेत, म्हणजे उचलून आणलेत, की झाली प्रत्येकाची दुसरी प्रत. म्हणजे तोच मेल एकदा इम्पोर्टमधून येतो आणि एकदा सर्व्हरवरून. यातला सर्व्हरचा रस्ता आधी बंद करायचा, एवढंच खरं काम आहे.

सर्व्हरवर किती शिल्लक असेल हे एका सेटिंगवर ठरतं. खात्याच्या मोअर सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड या भागात ‘लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर’ अशी खूण असते आणि तिच्याखाली किती दिवसांनी काढायचं तो आकडा. तिथे 14 दिवस असतील तर दोन आठवड्यांचे मेल दुबार होतील. मुदतीची खूणच नसेल तर आजवरचे सगळे. ही खूण काढून सर्व्हर रिकामा करता येतो, पण मी तसं सुचवणार नाही. त्यात सर्व्हरवरचे मेल कायमचे पुसले जातात आणि आउटलुकच्या फाइलमध्ये काही बिघाड निघाला तर हातात काहीच राहत नाही.

त्यापेक्षा हे करा. आउटलुकमध्ये शेवटचं एकदा सेंड-रिसीव्ह दाबा आणि सगळे मेल उतरू द्या. मग सेंड-रिसीव्ह टॅबवरचं ‘वर्क ऑफलाइन’ दाबून ठेवा, म्हणजे ते मागच्या मागे पुन्हा काही आणणार नाही. त्यानंतर ब्राउझरमधून मेल कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करा, ‘जुने’ नावाचं फोल्डर बनवा आणि इनबॉक्समधले सगळे मेल निवडून त्यात हलवा. निवडताना बहुधा एका पानावरचेच मेल निवडले जातात, तेव्हा इनबॉक्स खरोखर रिकामा दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. पॉपला इनबॉक्सपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे थंडरबर्डला तिथे काहीच सापडणार नाही आणि मेल मात्र सुरक्षित राहतील. (जीमेलला ही युक्ती चालत नाही. त्याचं पॉप इनबॉक्सबाहेरचेही मेल देतं. तिथे सेटिंग्जमध्ये ‘यापुढे येणाऱ्या मेलसाठीच पॉप’ हा पर्याय निवडायचा असतो.)

आता आउटलुकमधले डिलीटेड आयटम्स आणि जंक रिकामे करा, नाहीतर तो कचराही सोबत येईल. मग फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट या वाटेने जाऊन सगळ्या मेलची एक पीएसटी फाइल (आउटलुक मेल ज्यात साठवतं तशी फाइल) पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. वरचं फोल्डर निवडताना ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर खूण हवीच. तुमचे पाठवलेले मेल पॉपने कधीच परत येत नाहीत, ते फक्त याच संगणकावर आहेत. म्हणून ही पायरी टाळू नका.

मग थंडरबर्डमध्ये खातं जोडा. ते स्वतःहून आयमॅप सुचवेल, तिथे पॉप निवडा. खातं रिकामं दिसलं की टूल्समधल्या इम्पोर्टने आउटलुकचे मेल आणा. ते लोकल फोल्डर्सखाली, म्हणजे फक्त तुमच्या संगणकावर असणाऱ्या फोल्डरांत, वेगळ्या फोल्डरमध्ये येतील. त्यासाठी आउटलुक संगणकावर असावं लागतं, तेव्हा ते काढून टाकायची घाई नको. इम्पोर्ट मध्येच अडकलं तर नुसतं पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्या खेपेला ते शेजारीच आणखी एक संच तयार करतं. आधी अर्धवट आलेलं फोल्डर काढा, मगच पुन्हा इम्पोर्ट करा.

झाल्यावर आकडे जुळवा. आउटलुकमध्ये फोल्डरवर क्लिक केलं की खालच्या पट्टीत मेलची संख्या दिसते, थंडरबर्डमध्येही खालीच दिसते. एकूण बेरीज बघत बसू नका, फोल्डरनिहाय बघा. संख्या दुप्पट असेल तर इम्पोर्ट दोनदा झालंय. थोडीच जास्त असेल तर सर्व्हरवर काहीतरी राहून गेलंय.

‘जुने’मधले मेल परत इनबॉक्समध्ये हलवू नका. हलवल्यावर त्यांना नवीन क्रमांक मिळू शकतो आणि मग थंडरबर्ड ते पुन्हा उतरवून घेतं. थंडरबर्डची वही म्हणजे प्रोफाइलमधली (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतं त्या फोल्डरमधली) ‘पॉपस्टेट डॉट डॅट’ नावाची फाइल. पुढे संगणक बदलाल तेव्हा प्रोग्रॅम बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर उचलायचं. ही फाइल सोबत गेली तर काहीही दुबार होत नाही. आणि कधी कंपनीने आपला सर्व्हर बदलला आणि सगळे जुने मेल नव्याने कोसळले, तर तुमचं काही चुकलेलं नसतं. तिकडे क्रमांकच बदललेले असतात.

आई, तुझं सोपं आहे. तुझं जीमेल आयमॅपवर आहे, म्हणजे मेल, फोल्डर, वाचलं-न वाचलं हे सगळं सर्व्हरवरच असतं आणि प्रोग्रॅम फक्त ते दाखवतो. थंडरबर्डमध्ये खातं जोड आणि थांब. इम्पोर्ट करू नकोस! बाबांच्या खात्यासाठी इम्पोर्ट करताना तुझेही मेल सोबत आले तर ते लोकल फोल्डर्समधले तुझे फोल्डर काढून टाक, खात्यातले नाही. खात्यातून काढलेलं फोनवरूनही जातं. तसंच लोकल फोल्डर्समधून ओढून मेल खात्यात टाकू नकोस. बरेच सर्व्हर तो मेल आधीपासून आहे का हे तपासत नाहीत, सरळ नवीन समजून ठेवून घेतात.

तुला एकच मेल इनबॉक्समध्येही दिसेल आणि ‘ऑल मेल’मध्येही. ते दुबार नाहीत. जीमेलकडे मेल एकच असतो, त्याला लेबलं अनेक असतात आणि थंडरबर्ड प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून दाखवतं. यातला एक कायमचा पुसायला गेलीस तर दुसराही जाऊ शकतो. डोळ्याला खुपत असेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबल्सखाली ‘ऑल मेल’समोरची ‘शो इन आयमॅप’ ही खूण काढ.

एवढं करूनही बाबांकडे दुबार मेल झालेच, तर हाताने निवडत बसू नका. दुबार मेल काढणारी ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायची छोटी सोय, थंडरबर्डला मिळते. प्रत्येक मेलच्या माथ्यावर एक ‘मेसेज-आयडी’ असतो आणि प्रतींमध्ये तो सारखाच राहतो. त्यावरून ती जोड्या शोधते. तिला एका वेळी एकच फोल्डर तपासायला सांगा. सगळी फोल्डर एकत्र दिलीत, तर स्वतःलाच पाठवलेला मेल सेंटमध्ये आणि इनबॉक्समध्ये सारख्याच आयडीने असल्याने त्यातला एक उगाच जाईल. काढलेले मेल आधी ट्रॅशमध्ये जाऊ द्या, तिथे नजर टाका, मगच ट्रॅश रिकामा करा. शेवटी फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ करा. सर्वसाधारणपणे थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतं आणि पुसलेले मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत त्या फाइलमध्ये तसेच राहतात. अशी फाइल पुढे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेली तर पुसलेले मेल पुन्हा उगवू शकतात.

महिनाभर आउटलुक ऑफलाइनच राहू दे. दोन्ही प्रोग्रॅम एकाच वेळी पॉपने मेल आणायला लागले, तर ‘सर्व्हरवर ठेवा’ असताना दोघांकडे प्रती होतात आणि नसताना अर्धे मेल इकडे, अर्धे तिकडे जातात. आकडे जुळले आणि पाठवलेले मेल नीट उघडताहेत हे दिसलं, की आधी आउटलुक काढा. संकेतस्थळावरचं ‘जुने’ फोल्डर मात्र जागा कमी पडेपर्यंत राहू द्या, आणि पेन ड्राइव्हवर ‘आउटलुक मेल’ असं लिहून तारीख घाला.

तुमची लेक