हुतात्म्यांच्या नावानं रिसर्च फंड का नको?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडं आणखी एका हुतात्मा स्मारकाची चर्चा चाललीय. स्मारकाला विरोध नाहीच, साताऱ्यात कोण करणार, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्या जिल्ह्यात आहे, पहिल्या महायुद्धात पडलेल्या तिथल्या ४६ जवानांची नोंद दगडावर कोरलेली आहे. पण दरवेळी तोच चबुतरा, तीच ग्रॅनाईटची फरशी आणि लोखंडी गेटला कुलूप, ते २६ जानेवारीला उघडणार, हार-फोटो झाले की परत बंद.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धानंतर हाच विषय निघालेला. तिथले विद्यार्थी, माजी विद्यार्थी, स्टाफ धरून साडेपाचशेहून जास्त माणसं युद्धात मारली गेली होती. नुसता दगड नको, कामाला येईल असं काहीतरी करा, ही मागणी पुढं आणली विद्यार्थ्यांनीच, आणि त्या काळात कॉलेजात लढाईवरनं परत आलेल्या पोरांचीच गर्दी. त्यातनं १९४८ साली फिनिक्स प्रोजेक्ट उभा राहिला, अणुशक्ती शांततेच्या कामाला कशी लावायची याचं संशोधन. हिरोशिमाला तीन वर्षं पण झाली नव्हती बरं का! आणि प्रमुख कोण, तर राल्फ सॉयर, ज्यांनी १९४६ ला बिकिनी बेटावरच्या अणुचाचण्यांची तांत्रिक बाजू सांभाळली होती.

पैसा माजी विद्यार्थ्यांनी आणि कंपन्यांनी दिला, फोर्ड मोटर कंपनीनं अणुभट्टीसाठी १० लाख डॉलर दिले, ती १९५७ पासून २००३ पर्यंत चालली. डोनाल्ड ग्लेसर नावाच्या तरुण प्राध्यापकाला सुरुवातीला ह्याच फंडातनं छोटीशी ग्रँट मिळाली, त्यानं बबल चेंबर बनवला, म्हणजे तापलेल्या द्रवातनं अणूपेक्षा बारीक कण गेला की मागं बुडबुड्यांची रेघ उठते, तिचा फोटो घ्यायचा. १९६० ला नोबेल!

आपल्याला अणुभट्टी नको. स्मारकाच्या बजेटमधला थोडा पैसा बाजूला काढा, बाकी माजी सैनिक आणि मुंबई-पुण्यातले गाववाले घालतील, आणि हुतात्म्यांच्या नावानं जिल्ह्यातल्याच कॉलेजच्या पोरांना संशोधनाला ग्रँट द्या. माण-खटावच्या पाण्यावर काम करू दे, नाहीतर जवानांच्या घरी ट्रंकेत पडलेली जुनी पत्रं गोळा करू दे, त्यांना वाळवी लागायच्या आत. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या मीटिंगला कुणीतरी हा विषय मांडावा, चबुतऱ्याचं टेंडर निघायच्या आधी.

आपला,
एक वाचक, सातारा