रविवारचे प्रदर्शन : किम दोंग-वोन यांचे दोन माहितीपट

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी दुपारी ४ वाजता वाचनालयाच्या सभागृहात दक्षिण कोरियाचे माहितीपटकार किम दोंग-वोन यांचे दोन माहितीपट दाखविले जातील. १९८८ च्या ऑलिम्पिकपूर्वी सोलमधील सांगग्ये-दोंग वस्तीतून हुसकावलेल्या रहिवाशांसोबत राहून त्यांनी केलेला ‘सांगग्ये-दोंग ऑलिम्पिक’ आधी होईल; तो अर्ध्या तासाहून लहान असल्याने उशिरा येणाऱ्यांचा हमखास बुडेल. त्यानंतरचा ‘रिपॅट्रिएशन’ हा, आपली राजकीय निष्ठा सोडण्यास नकार दिल्याने दक्षिणेच्या तुरुंगांत दशके काढलेल्या आणि २००० साली उत्तर कोरियाला परतलेल्या कैद्यांविषयी असून सुमारे अडीच तास चालतो.

– उपशीर्षके इंग्रजी आहेत.
– पाहुणे आणायचे असल्यास शुक्रवारपर्यंत चिटणीसांना कळवावे.
– मोबाइलवर चित्रण करू नये.